१७८३ चा उन्हाळा: आइसलँडचा धूर, विलायतेचा उकाडा आणि आपला चालीसा

दालबाजारवाला | ४ जून, रात्री १०.५०

मंडळी, परवा नवतपा, म्हणजे भर उन्हाळ्याचे ते नऊ दिवस, संपला. म्हणजे पंचांगात संपला, ग्वाल्हेरला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

काल संध्याकाळी पाचच्या सुमाराला आंधी आली. आधी वारा एकदम पडला, मग किल्ल्याच्या मागचं आकाश हळदीच्या पाण्यासारखं पिवळं झालं आणि दहा मिनिटांत तटबंदीच दिसेनाशी झाली. सूर्य होता, पण त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. ताटलीएवढा, विटकरी, जराही तेज नाही. लाइट अर्थातच गेलेली. कूलर बंद, मी छतावर, डोक्यावर ओला पंचा आणि दातांत कचकच धूळ.

असाच सूर्य एका माणसाने जवळजवळ महिनाभर रोज पाहिला होता. गिल्बर्ट व्हाइट, इंग्लंडमधल्या सेलबोर्न नावाच्या खेड्यातला पाद्री. पक्षी, किडे, पाऊस, जे दिसेल ते टिपून ठेवणारा. १७८३ साली २३ जून ते २० जुलै तिथे एक विचित्र कोरडं धुकं पसरलं होतं. वारा कुठल्याही दिशेने वाहो, धुकं हलेना. त्याने लिहून ठेवलंय की भर दुपारी सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा निस्तेज दिसे, जमिनीवर आणि घरात गंजाच्या रंगाचा उजेड पडे, आणि उगवता-मावळताना तो रक्तासारखा लाल होई. आता खरी गंमत. एवढं धुकं म्हणजे गारवा असेल असं वाटतं ना? उलट. उकाडा असा की कापलेलं मांस दुसऱ्या दिवशी खाण्याच्या लायकीचं राहत नव्हतं. माश्या इतक्या की घोडे बिथरून जात. गावकरी त्या तांबड्या सूर्याकडे धसका घेऊन बघत, आणि व्हाइट म्हणतो की शहाण्यासुरत्या माणसालाही भीती वाटावी असंच ते होतं.

त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं की ८ जूनला आइसलँडच्या दक्षिणेला लाकी इथे जमीन फाटली आहे. आपण चित्रात बघतो तसा टोकदार डोंगर नव्हे. सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग, तिच्यावर शंभराहून जास्त विवरं, आणि हा प्रकार थेट ७ फेब्रुवारी १७८४ पर्यंत चालला. लाव्हा जो वाहिला तो वाहिलाच, खरा घात केला वायूने. सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड. तो पाण्याच्या वाफेत मिसळून आम्लाचे बारीक थेंब झाले आणि वाऱ्याने युरोपभर पसरले. हॉलंडात जूनच्या अखेरीला झाडांची पानं करपून गळली, लोकांना डोकेदुखी आणि दमा. खुद्द आइसलँडात गवतावर फ्लोरिन बसलं, ते खाऊन मेंढरांची हाडं आणि दात वेडेवाकडे वाढले. पाचातली चार मेंढरं मेली. मग माणसं. दोन-तीन वर्षांत देशाची पाचवा हिस्सा वस्ती गेली. तिकडे त्या काळाला अजूनही ‘धुक्याचे हाल’ अशाच अर्थाचं नाव आहे.

इतका कडक उन्हाळा, मग विजांची वादळं, १८ ऑगस्टला ब्रिटनच्या आकाशातून गेलेली प्रचंड उल्का, आणि पाठोपाठ हाडं गोठवणारा हिवाळा. सेलबोर्नला सलग २८ दिवस हिम हटलं नाही. फेब्रुवारी १७८४ मध्ये बर्फ फुटून ऱ्हाइन नदीला असा पूर आला की कोलोनला पाणी साडेतेरा मीटरच्या आसपास चढलं. तिथला तो उच्चांक आजही मोडलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, दालबाजारात बसून हा ऱ्हाइनच्या गप्पा का मारतोय. तर १७८३ मध्ये ५७ मिळवा. विक्रम संवत १८४०. चालीसा. उत्तर हिंदुस्थानातला तोच तो दुष्काळ, ज्याला लोकांनी संवताच्या शेवटच्या आकड्यावरून नाव दिलं. आणि त्याच वर्षी आपल्या डोक्यावरचा हा किल्ला महादजींनी गोहदच्या राण्याकडून परत घेतला. शाळेत इंग्रज-मराठ्यांचा सालबाईचा तह पाठ केला, किल्ला कुणी कुणाकडून घेतला ते पाठ केलं, पण त्या वर्षी आभाळात काय चाललं होतं ते कुणी सांगितलं नाही. मला विचारायचंय ते एवढंच: लाकी आणि चालीसा यांचा धागा जुळतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. लाइट आली तर मीही टाकेन.

मोरारची_मावशी | ४ जून, रात्री ११.२०

वाचते आहे. झोप कुठली, घासेला पाणी नाही म्हणून कूलर नुसता गरम वारा फेकतोय.

चालीसा म्हटल्यावर मला आधी हनुमानचालीसाच आठवला, खोटं कशाला सांगू. पण आमच्या गोठीत माझ्या आजेसासूबाई होत्या, पानात कुणी अन्न टाकलं की म्हणायच्या, ‘‘टाका, टाका. चालीसा बघितला नाही ना तुम्ही.’’ आम्ही मुली हसायचो. आम्हाला वाटायचं चालीसा म्हणजे चाळिसावं वय! आज तुमच्यामुळे उलगडा झाला. दोनशे वर्षं एक शब्द स्वयंपाकघरात टिकून राहिला हे बघून अंगावर काटा आला हो.

कूलरची_घास | ४ जून, रात्री ११.३२

माझं नाव घेऊन बदनामी करू नका मावशी.

दालबाजारवाला, त्या विलायतेतल्या उकाड्याचा आकडा काय होता? इथे दुपारी ४५ होतं, नळाच्या पाण्यात चहाची पत्ती टाकली असती तरी चाललं असतं.

दालबाजारवाला | ४ जून, रात्री ११.४०

जुलै १७८३ चं मध्य इंग्लंडचं सरासरी तापमान १८.८ अंश. हा उच्चांक बरोबर दोनशे वर्षं टिकला, १९८३ च्या जुलैने तो मोडला.

कूलरची_घास | ४ जून, रात्री ११.४१

अठरा?? अठरा अंशांना मांस सडलं? आमच्याकडे अठराला माकडटोपी काढतात.

हवापाणी_बडोदा | ५ जून, सकाळी ७.०५

सुप्रभात. घासराव, १८.८ म्हणजे दुपारचा आकडा नव्हे. रात्र आणि दिवस धरून सबंध महिन्याची सरासरी आहे. तिथल्या जुलैची नेहमीची सरासरी सोळाच्या आसपास असते. महिनाभराच्या सरासरीत तीन अंशांची वाढ म्हणजे काय ते समजायचं तर ग्वाल्हेरच्या मे महिन्याच्या सरासरीत तीन मिळवून बघा. शिवाय त्यांची घरं थंडी आत शिरू नये म्हणून बांधलेली. जाड भिंती, उंच छत, अंगणाकडे उघडणारी दारं हा आपला थाट तिथे नाही. तिथे त्या काळी शेतमजूर कापणीच्या हंगामात पटापट मेले. फक्त इंग्लंडातले जादा मृत्यू वीस हजारांच्या घरात मोजले गेलेत, त्यात उन्हाळ्यातलं विषारी धुकं आणि नंतरची थंडी असे दोन्ही धक्के धरलेले आहेत.

मूळ प्रश्नाबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो. ऑफिसला निघालोय.

शंकासुर | ५ जून, सकाळी ९.१५

धागा चांगला आहे, म्हणूनच खडा टाकतो.

एक: युरोपातला उकाडा लाकीमुळे झाला हे सिद्ध नाही. २०१९ साली एका गटाने संगणकावर तो उन्हाळा दोन्ही प्रकारे चालवून बघितला, लाकी धरून आणि लाकी वगळून. निष्कर्ष असा की जुलैचा उकाडा हा हवेच्या दाबाच्या नेहमीच्या खेळातला होता, उच्च दाबाचा पट्टा एका जागी ठाण मांडून बसला होता. लाकी नसती तर उलट आणखी उकडलं असतं. धुरामुळे गारवाच आला, तो उकाड्यात झाकला गेला. पुढच्या हिवाळ्याचंही तेच. अटलांटिकवरच्या दाबाची उलटलेली घडी आणि पॅसिफिकचं पाणी तापवणारा एल निन्यो मिळून तो तसा झाला असावा, असं म्हणणारा अभ्यास आहेच.

दोन: चालीसा. पाऊस बिघडायला १७८० पासूनच सुरुवात झाली होती. मद्रासकडे १७८२ मध्येच माणसं उपाशी मरत होती. त्यात हैदर आणि इंग्रजांची लढाई. लाकी फुटली जून १७८३ मध्ये. कार्य आधी आणि कारण नंतर असं कधीपासून व्हायला लागलं?

तीन: दुष्काळात बळी गेलेल्यांचा १ कोटी १० लाख हा आकडा हल्ली सगळीकडे फिरतो. तो उत्तरेचा आणि दक्षिणेचा मिळून आहे आणि अंदाजाचा आहे. तो एकट्या चालीशाच्या नावावर खपवू नये, ही आगाऊ विनंती.

दालबाजारवाला | ५ जून, सकाळी ९.५०

शंकासुरा, तू नसतास तर धागा गोडगोड होऊन मेला असता. दोन नंबरचा मुद्दा खणखणीत आहे. मान्य. पण दुष्काळ आधीच सुरू होता म्हणून १७८३ च्या पावसाळ्यात लाकीने काहीच केलं नाही, असंही होत नाही ना? आजारी माणसाला वरून ढकललं तरी ढकलणं हे ढकलणंच.

किल्लेदार_इंदूर | ५ जून, दुपारी १२.३०

इतिहासाची बाजू थोडी नीट लावतो, कारण इथे सगळं एकाच वर्षात कोंबलं जातंय.

ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपमने रात्री शिड्या लावून किल्ला घेतला. शिपायांच्या पायात आवाज होऊ नये म्हणून कापूस भरलेले जोडे होते, ही गोष्ट ग्वाल्हेरच्या पोरासोरांना ठाऊक असेलच. इंग्रजांनी तो गोहदच्या राण्याला दिला. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला, तोही मेच्या भर उन्हात, छावणीत. हैदरअली डिसेंबर १७८२ मध्ये मेला आणि त्यानंतर फेब्रुवारी १७८३ मध्ये पुण्याने तहावर शिक्कामोर्तब केलं. नाना फडणीस तोवर हैदरचं पारडं बघत थांबले होते असं म्हणतात, आणि मला ते पटतं. मग महादजी मोकळे झाले: १७८३ मध्ये ग्वाल्हेर, १७८४ मध्ये गोहद, आणि त्याच वर्षाअखेर दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक, म्हणजे त्याचा मुखत्यार.

तारखांकडे बघा. महादजींची सगळी दिल्लीची चढाई चालीशाच्या आतून गेली आहे. आग्रा-दिल्लीचा मुलूख ओसाड, गावंच्या गावं उठलेली, सारा वसूल होत नाही. बादशहाचा कारभार हाती आला पण त्या कारभारात पैसाच नव्हता. पुढची दोन-तीन वर्षं महादजींची फौज पगारासाठी कुरकुरत होती त्याला नुसत्या दरबारी कारस्थानांचं कारण देऊन भागत नाही, शेतात पीकच नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे, महादजींवर लिहिताना आपण मराठी लोक तलवार आणि मुत्सद्देगिरी यांच्या पलीकडे जात नाही. बैलांना चारा कुठून आला हे कुणी विचारत नाही. तोफा बैल ओढत होते, पराक्रम नव्हे.

आणि दालबाजारवाले, ‘आपल्या डोक्यावरचा किल्ला’ ठीक, पण त्या वेळी खाली तुमचा दालबाजार नव्हता. लष्कर हे गावच नव्हतं. ते वसलं दौलतरावांच्या वेळी, १८१० च्या सुमाराला. १७८३ मध्ये तुम्ही उभे आहात तिथे माळ असणार.

दालबाजारवाला | ५ जून, दुपारी १२.४४

माळ आत्ताही आहे, फक्त त्यावर ट्रक उभे असतात.

डबरेकर | ५ जून, दुपारी २.१०

सालबाईचं नाव निघालं म्हणून लिहितोय, एरवी नुसता वाचतो. आमची शेती त्याच बाजूला. सालबाई हे डबऱ्याकडचं एक साधं गाव आहे. बाहेरून आलेला माणूस तिथे तहाचं काहीतरी भव्य शोधतो आणि हिरमुसून जातो.

या भागात दुष्काळ आणि पूर ही सख्खी भावंडं आहेत. ऑगस्ट २०२१ ची गोष्ट. जूनअखेर आम्ही आकाशाकडे बघत बसलो होतो, पेरलेलं करपायला लागलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वर शिवपुरीकडे कोसळला आणि सिंध नदी अशी आली की दतिया जिल्ह्यातले पूल वाहून गेले. आमच्या मळ्यातली विहीर, जिच्यात मे महिन्यात तळाचा खडक दिसत होता, ती काठोकाठ भरली. नुसत्या गाळाने. पंप आजही त्याच गाळाखाली आहे. नुकसानीचा कागद केला, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, शेवटी एका साहेबाने विचारलं, ‘‘पंप दिसत नाही तर तो होता कशावरून?’’ बरोबरच आहे. चुकलं माझं.

तेव्हा एकाच वर्षात दोन टोकं हे तुम्हाला पुस्तकात वाचून नवल वाटत असेल, आम्हाला नाही.

मोरारची_मावशी | ५ जून, दुपारी ३.००

डबरेकर भाऊ, गाळाची विहीर वाचून वाईट वाटलं. उपसली का नंतर?

हवापाणी_बडोदा | ५ जून, रात्री ८.४०

आलो. आता मूळ प्रश्न. शंकासुरांनी युरोपबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे. पण मान्सूनचं गणित वेगळं आहे.

आपला पाऊस कशावर चालतो? उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तापलेली हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा आत ओढली जाते. चूल जितकी पेटलेली, तितकी ओढ जास्त. ‘नवतपा तापला तर पाऊस चांगला’ हे आपले बुजुर्ग म्हणतात त्यात हेच आहे, थोडं भाबडं असलं तरी. लाकीने काय केलं? उत्तर गोलार्धाच्या वरच्या निम्म्यावर गंधकाची चादर पसरली. आशिया-युरोपची जमीन नेमकी जून-जुलैत, चूल पेटायच्या वेळीच, गार पडली. ओढ कमी झाली. २००६ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या ल्यूक ओमन आणि ॲलन रोबॉक यांच्या गटाने हे संगणकावर मांडलं, तेव्हा आफ्रिकेचा आणि हिंदुस्थानचा असे दोन्ही मान्सून दुबळे निघाले.

आणि त्यात एक उफराटी गोष्ट निघाली, दालबाजारवाल्यांना आवडेल अशी. उत्तर गोलार्ध थंड पडला, पण आफ्रिकेचा साहेल आणि हिंदुस्थान हे पट्टे मात्र नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापले. कारण ढगच नाहीत! पाऊस नाही म्हणजे सावली नाही, ओली जमीन नाही. तिकडच्या धुराने इकडे ऊन वाढलं. म्हणजे शंकासुरांच्या म्हणण्याप्रमाणे युरोपातला उकाडा लाकीचा नव्हे, पण आपल्याकडचा असू शकतो.

याला साक्षीदार आहे नाईल. तिचं पाणी इथिओपियाच्या डोंगरांवरच्या पावसावर चालतं. १७८३ आणि १७८४ दोन्ही वर्षं तिला पूर अपुरा आला. व्होल्नी नावाचा फ्रेंच प्रवासी तेव्हा तिथे होता. त्याने लिहिलंय की जानेवारी १७८५ पर्यंत इजिप्तची सहावा हिस्सा वस्ती मेली किंवा देश सोडून गेली. हिंदुस्थानात मात्र एल निन्योचा आणि लाकीचा वाटा वेगळा काढणं अवघड, कारण दोघांनी एकाच ठिकाणी घाव घातला. माझ्या मते मुळाशी एल निन्यो, आणि १७८३ च्या पावसाळ्यात लाकीची भर. दालबाजारवाल्यांचं ‘आजाऱ्याला ढकलणं’ मला चालेल.

शंकासुर | ५ जून, रात्री ९.०५

नाईलचा मुद्दा मान्य. प्रतिरूपावर एवढा भरवसा नाही माझा, पण नाईल काही संगणकात वाहत नव्हती. तलवार म्यान.

लखनवी_जावई | ५ जून, रात्री ९.३०

अवांतर: लखनौचा बडा इमामबाडा याच दुष्काळात, १७८४ मध्ये, नवाब असफउद्दौल्याने लोकांना काम मिळावं म्हणून सुरू केला. सासरेबुवा प्रत्येक पाहुण्याला तिथे नेऊन एकच गोष्ट सांगतात: दिवसा मजूर बांधत आणि रात्री उमराव गुपचूप पाडत. अंधारात अशासाठी, की घरंदाज माणसाला मजुरी करताना कुणी ओळखू नये. खरी की रचलेली देव जाणे, पण भुकेची लाज कशी असते ते या गोष्टीइतकं कुठे कळलं नाही मला. सोळा वेळा ऐकली आहे.

रेवातीर | ५ जून, रात्री १०.१०

तुम्ही १८१६ च्या ‘उन्हाळा नसलेल्या वर्षा’शी गल्लत तर करत नाही ना? तो तांबोरा, इंडोनेशियातला. त्यावर मी खूप वाचलंय.

दालबाजारवाला | ५ जून, रात्री १०.२५

नाही हो, ते ३३ वर्षांनंतरचं. तांबोरा फुटला एप्रिल १८१५ मध्ये, पुढच्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या ईशान्येला बर्फ पडलं वगैरे. पण तुम्ही विषय काढलात तर त्याचीही एक वाट ग्वाल्हेरवरून जाते. तांबोरानंतर बंगालचे पावसाळे विस्कटले, १८१७ मध्ये जेसोरकडून पटकी, म्हणजे कॉलरा, सुटली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेंढाऱ्यांच्या मोहिमेसाठी लॉर्ड हेस्टिंग्जची फौज आपल्या सिंधेच्या काठी पडली होती, दौलतरावांवर डोळा ठेवून. ५ नोव्हेंबरला दौलतरावांनी तहावर सही केली आणि पाठोपाठ छावणीत पटकी शिरली. हजारोंनी माणसं मेली, हेस्टिंग्जला तळ उठवून बेटव्याकाठी एरचला पळावं लागलं. एकही गोळी न झाडता. पटकीचा आणि तांबोराचा संबंध किती घट्ट यावर वाद आहेत. शंकासुराने नवा धागा काढावा, मी तिथे येऊन मार खाईन.

कूलरची_घास | ५ जून, रात्री १०.५०

मला एक सांगा. विमान नाही, तार नाही. मग आइसलँडमुळे असं झालं हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं तरी का?

दालबाजारवाला | ५ जून, रात्री ११.२०

आलं. बेंजामिन फ्रँकलिनच्या. तो तेव्हा पॅरिसजवळ पासी इथे अमेरिकेचा वकील म्हणून राहत होता, इंग्लंडशी तह चालला होता. तो ३ सप्टेंबर १७८३ ला झाला. तहाच्या धामधुमीत या गृहस्थाचं लक्ष आभाळाकडे. १७८४ मध्ये त्याने लिहिलं की हे धुकं कोरडं होतं, सूर्याची किरणं भिंगाने एकत्र केली तरी तपकिरी कागद जेमतेम पेटायचा. जमिनीवर ऊनच कमी पोचलं, म्हणून बर्फ लवकर साठलं आणि वितळलं नाही, हा त्याचा तर्क. धुकं आलं कुठून, तर एक शक्यता म्हणून त्याने आइसलँडच्या ज्वालामुखीचं नाव घेतलं. घेतलं हेक्लाचं. डोंगर चुकला, देश बरोबर.

ते भिंगाचं वाचलं आणि मी हसलो. आजोबांचं पंचांग वाचायचं एक भिंग होतं, पितळी मुठीचं. मे महिन्यात सगळे झोपले की मी आणि चुलतभाऊ ते घेऊन छतावर. फरशीवर अनवाणी उभं राहता यायचं नाही, म्हणून पाट टाकून त्यावर उकिडवे बसायचो. वर्तमानपत्राच्या काळ्या मथळ्यावर ठिपका धरायचा. पांढऱ्या कागदाला वेळ लागतो, काळ्या शाईला नाही. आधी बारीक धूर, मग तपकिरी वलय, मग त्याच्या कडेने एक लाल रेघ सरकत जायची आणि अक्षरं खायची. पाचपर्यंत मोजायच्या आत भोक. एकदा आजोबांच्या धोतरालाच पाडलं, ते वाळत होतं. पुढचं लिहीत नाही.

मध्यंतरी आंधीच्या वेळी तेच भिंग घेऊन मुद्दाम वर गेलो. पिवळा सूर्य, हातात वर्तमानपत्र. धूर नाही, काही नाही. कागद कोमट झाला, बस. तेव्हा फ्रँकलिनचं वाक्य खऱ्या अर्थाने समजलं. ही आंधी तासाभरात उतरते. त्यांच्याकडे महिना उलटला तरी कागद कोमटच.

रेवातीर | ५ जून, रात्री ११.३५

फारच छान. पुढील लेखनाला शुभेच्छा.

पंचांगकाका | ६ जून, सकाळी ६.१५

सगळा धागा वाचला. दोन गोष्टी राहिल्या आहेत.

पहिली, लाकी ८ जूनला फुटली हे वाचून कुणी ‘मृगाच्या दिवशीच’ म्हणून टाळी वाजवेल, तर थांबा. आज मृग ७-८ जूनला लागतो. आपली नक्षत्रं ताऱ्यांवर चालतात, इंग्रजी तारीख ऋतूंवर, त्यामुळे सत्तरेक वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. १७८३ मध्ये मृग तीनेक दिवस आधीच लागून गेला असणार. म्हणजे इथला शेतकरी पेरणीची तयारी करून वर बघत बसला होता, तेव्हा तिकडे जमीन फाटली.

दुसरी. ते वर्ष शालिवाहन शके १७०५. त्याचं नाव काय असेल? शोभन. इतका भयानक दुष्काळ आणि संवत्सराचं नाव शोभन! साठ वर्षांचं चक्र आहे, चार फेऱ्या मोजा, २४० वर्षं. शके १९४५, म्हणजे २०२३-२४, पुन्हा शोभन. आणि २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तेव्हाही एल निन्यो होता.

शंकासुर | ६ जून, सकाळी ८.००

काका, म्यान केलेली तलवार पुन्हा काढायला लावू नका. योगायोग आहे. मधल्या तीन शोभन संवत्सरांचं काय झालं ते सांगा आधी.

पंचांगकाका | ६ जून, सकाळी ८.२०

योगायोगच आहे. मी भविष्य सांगितलं का? नाव सांगितलं.

किल्लेदार_इंदूर | ६ जून, सकाळी १०.४०

मावशी, एक शंका. तुमच्या आजेसासूबाईंचा जन्म कधीचा? कारण संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ ‘छप्पनिया’ म्हणून राजस्थान, गुजरात, माळव्यात घरोघरी माहीत आहे. आमच्याकडे इंदूरला म्हाताऱ्या छप्पनियाच म्हणायच्या. चालीसा कुणी म्हणताना ऐकलं नाही. त्यांनी लहानपणी ऐकलं असेल ते छप्पनियाचं असावं, आणि शब्द तेवढा जुना राहिला असावा.

मोरारची_मावशी | ६ जून, सकाळी ११.३०

जन्म कधीचा ते कुणाला ठाऊक, त्यांनाही नव्हता. पण तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. आत्ता मिस्टरांना विचारलं. ते म्हणतात, आजी दोन्ही म्हणायची. भात टाकला की छप्पनिया आणि पोळी टाकली की चालीसा. का, ते त्यांनाही माहीत नाही.

डबरेकर | ६ जून, दुपारी १.१५

मावशी, काल विचारलंत, सांगायचं राहिलं. विहीर अर्धी उपसली आहे. खाली एक बादली सापडली, आमची नाही. पंप अजून नाही.

दालबाजारवाला | ६ जून, संध्याकाळी ५.०५

वारा पडलाय. किल्ल्यामागे पुन्हा पिवळं दिसतंय. आईचे बटाट्याचे पापड अजून छतावर आहेत, गोळा करायला चाललो. उरलेलं रात्री, लाइट असली तर.